तीन नंबरच्या पेटीचा हातमोजा

साकाइ, १५ ऑक्टोबर

चिसातो,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची आपली रीत आहे. पानं लाल व्हायला लागली, गारवा आला, घरची मंडळी खुशाल असतील वगैरे. मी ती पाळणार नाही. दहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला लिहिली नाहीस. आता पानांच्या रंगाशी आपल्या दोघींना काय करायचंय?

हे पत्र येईल तेव्हा तू दुकानात असशील. हिमिच्या बंदराजवळ वडिलांचं लोणच्याचं दुकान, आणि डॉक्टरेट करायला निघालेली मुलगी तिथे सलगम खारवत बसली आहे, असं एका जुन्या विद्यार्थ्याने मला सांगितलं. सांगताना तो हळहळला. मी विचारलं, खारवायला तरी नीट येतं का तिला?

आता कामाचं. मार्चमध्ये आपले प्राध्यापक कागेयामा सेन्सेइ निवृत्त होतात. मीही होते. एकतीस वर्षं त्या प्रयोगशाळेतल्या, हात घालायला रबरी हातमोजे बसवलेल्या बंद काचेच्या पेट्या, सिलिंडर, पंप आणि तुमच्यासारख्यांचे उष्टे कप मी सांभाळले. सेन्सेइ गेले की प्रयोगशाळा बंद होईल, म्हणून या डिसेंबरच्या वर्षअखेरच्या सफाईत माळ्यावरची खोली रिकामी करायची आहे. प्रयोगाच्या वह्या दहा वर्षं ठेवायचा नियम आहे. तुझ्या चौदा वह्यांची दहा वर्षं भरली. सत्तावीस डिसेंबरला त्या कचऱ्यात जातील. कळवणं माझं कर्तव्य होतं, कळवलं.

काल त्या वह्या मी चाळल्या. अक्षर काय सुंदर होतं तुझं! प्रत्येक पानावर तेच. लिथियमचा पत्रा, त्यावर पिवळट पावडरीची दाबून केलेली टिकली, आणि हे दोघे जिथे एकमेकांना टेकतात तिथेच घोडं पेंड खातं. तिथे लिथियमला काटे फुटतात, ते टिकलीत घुसतात आणि बॅटरी मरते. सगळ्यांच्या बॅटऱ्या चाळीसेक फेऱ्यांत मरायच्या. चाळीसदा भरली, चाळीसदा उतरवली, की संपली. तुझ्या चारशे फेऱ्या चालल्या. चारशे बारा, मला आकडा पाठ आहे. सेन्सेइंनी त्या दिवशी सगळ्यांना ईल मासा आणि भात मागवला होता. तू लाजून खालीच बघत होतीस.

आणि नंतर जानेवारी आला.

वह्यांशिवाय तुझ्या कामाची आणखी एक वस्तू माझ्या टेबलाच्या खणात आहे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवली आहे. ती काय आहे ते आत्ता सांगत नाही. तुला दहा वर्षं झोप लागत नव्हती असं ऐकलं, आणखी थोडे दिवस लागली नाही तर फरक पडणार नाही.

कुनिएदा तोशिए

२ नोव्हेंबर

चिसातो,

तुझं पार्सल मिळालं. सलगमाचं लोणचं, दुकानाची छापील चिठ्ठी, आणि तुझ्या हातचं एक अक्षर नाही. मला वाटलं होतं तू घाबरून फोन करशील. लोणचं पाठवतेस? मीठ जास्त झालंय. शिवाय वरचा दगड हलका ठेवलास, पाणी नीट सुटलेलं नाही. बॅटरीत पण तुझं हेच होतं. दाब कमी पडायचा आणि मी येऊन बोल्ट आवळायचे. ते तुझ्या वहीत कुठे नाही.

खणातली वस्तू काय ते सांगते. पण आधी तो जानेवारी तुला परत दाखवते.

नव्या वर्षाच्या सुट्टीहून आल्यावर तू नव्या बॅटऱ्या केल्यास. तीच पेटी, तीच पावडर, तोच पत्रा. तुझी ती पद्धत, पत्र्याचा वरचा थर पात्याने एकाच दिशेने वीस वेळा खरवडायचा, तीही तीच. बॅटऱ्या पंचविसाव्या फेरीत मेल्या. पुन्हा केल्यास, एकोणिसाव्या फेरीत. फेब्रुवारीत दुसऱ्या विद्यापीठाने कळवलं की छापून आलेली पद्धत त्यांनी जशीच्या तशी केली आणि त्यांच्याकडे काही होत नाही. मग चौकशी. सेन्सेइंनी तुला चौकशी समितीतल्या तिघांसमोर बॅटऱ्या करायला बसवलं. तीन खुर्च्या तुझ्या पाठीमागे मांडल्या होत्या. त्या मीच मांडल्या. चहाचे चार कप आणले, तिघांना आणि सेन्सेइंना. तुला नाही आणला, कारण तुझे हात पेटीत होते.

सहा बॅटऱ्या केल्यास, सहाही तिशीच्या आत मेल्या. आकडे रचल्याचा ठपका आला. निबंध मागे घेतला, डॉक्टरेट गेली. सेन्सेइ तुला म्हणाले होते, "चुकलेला माणूस मी शिकवू शकतो, खोटा नाही." मी दाराशी ट्रे घेऊन उभी होते.

त्याआधी एकदा तू मला कॉरिडॉरमध्ये गाठलं होतंस. ओठ पांढरे पडले होते तुझे. विचारलंस, "कुनिएदा-सान, डिसेंबरच्या सफाईत तीन नंबरच्या पेटीत काही बदललंत का?" मी म्हणाले, "काच पुसली." खोटं नव्हतं ते. काच मी पुसलीच होती.

हातमोजाही बदलला होता.

जुना रबरी हातमोजा काढून उलटा केला तेव्हा सडक्या अंड्याचा वास आला. त्या पावडरीला ओलावा लागला की असाच वास सुटतो, तुला सांगायला नको. एका बोटाला भोक होतं. सुईच्या टोकाएवढं. त्यातून सहा महिने बाहेरची हवा जराजरा आत जात होती, आणि तू खरवडलेल्या तुझ्या लाडक्या पत्र्यावर एक पातळ साय धरत होती. तीच साय मध्ये होती म्हणून काटे फुटत नव्हते. नवा हातमोजा बसला, हवा थांबली, साय थांबली. एवढंच झालं.

कळलं का तुला? जगाने तुला लबाड म्हटलं. तू लबाड नव्हतीस, हे आज मी लिहून देते. पण हुशारही नव्हतीस. तुझ्या त्या वीस वेळा खरवडण्याला काही अर्थ नव्हता. तू रोज सकाळी येऊन पत्रा खरवडायचीस आणि शोध ते भोक लावत होतं. आता सांग, लबाड ठरलेलं बरं होतं की हे बरं?

हातमोजा माझ्याकडे आहे.

कुनिएदा

२० नोव्हेंबर

चिसातो,

तुझं पोस्टकार्ड आलं. मला वाटलं शिव्या असतील, नाहीतर रडणं असेल. दोन शब्द लिहिलेस, "कोणतं बोट?"

कार्ड मी टेबलावर ठेवलं आणि चहा घेतला. मग पुन्हा वाचलं. दोनच शब्द होते.

नाही सांगणार. कोणता हात तेही नाही. मला कळतं तुला ते का हवंय. बोट कळलं की भोक पत्र्यापासून किती लांब होतं ते कळेल, त्यावरून किती हवा कुठे लागली ते तू काढशील, मग तेवढीच हवा मुद्दाम सोडून बॅटरी करून बघशील. म्हणजे लोणचेवालीच्या डोक्यात अजून ते चाललंय तर. मी एवढी वर्षं उगाच नाही त्या खोलीत काढली. तुम्ही पोरं फळ्याजवळ जे बोलता ते फरशी पुसणाऱ्या बाईला ऐकू येतं, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही.

तुला वाटत असेल, ही बाई माझ्यावर एवढी का उलटली? आठवून बघ. निबंध छापून आला तेव्हा एक प्रत तू माझ्याही टेबलावर ठेवलीस. मी चष्मा लावून शेवटचं पान काढलं. तिथे आभार मानले होते. सत्तावीस नावं. सेन्सेइ, त्यांचे मित्र, मोजणीचं यंत्र वापरू देणारे, इंग्रजी सुधारून देणारी बाई, पेटीत भरायचा आर्गॉन वायू पुरवणारी कंपनीसुद्धा. सिलिंडर आणून टाकणाऱ्यांचे आभार, आणि तो सिलिंडर जोडणारी कुठेच नाही. तुला वाईटही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालीस, "कुनिएदा-सान, पंपाचं तेल बदलाल का?"

बदललं मी. नेहमीच बदलायचे.

त्या डिसेंबरात हातमोजा उलटा केला, भोक पाहिलं, आणि त्याच क्षणी मला तुझं सगळं कळलं. सेन्सेइंना नाही कळलं, समितीतल्या तिघांना नाही, तुला नाही. मला कळलं. आणि मी मूग गिळून बसले. मनात म्हटलं, मानू दे आता हिला आर्गॉनच्या कंपनीचे आभार.

तरी तुला एक संधी देते. सफाईच्या दिवशी ये. सगळ्यांसमोर माझ्यापुढे वाक, खाली, कंबरेतून. आणि म्हण की हे कुनिएदा-सानना माझ्याआधी कळलं होतं. तुझ्या तोंडून एवढं ऐकलं की हातमोजा तुझा. बोट, भोक, सगळं तुझं. पुरावा घेऊन सेन्सेइंकडे जा, समितीकडे जा, मला काय! मार्चमध्ये मी मोकळी.

आणि मला आधी कळलं होतं हे तू मानायला नाही म्हणू नकोस. त्याला आधार आहे. तीन नंबरच्या पेटीचा आर्गॉनचा सिलिंडर सोळा दिवस जायचा. त्या सहा महिन्यांत तो नवव्या दिवशी संपायला लागला. सिलिंडरवाल्या माणसाची सही असलेली पावती प्रत्येक वेळी मी फाइलला लावली आहे. तू रोज सहा तास त्या पेटीत हात घालून बसायचीस, तुला पत्ताही नव्हता. माझ्या लक्षात आलं होतं. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय ते बघ.

कुनिएदा

९ डिसेंबर

चिसातो,

पार्सलात या वेळी सलगमाच्या चकत्यांमध्ये मासा घातलेलं ते तुमच्याकडचं थंडीतलं लोणचं होतं. ते चांगलं झालंय, असं म्हणायला हरकत नाही. दगड या वेळी बरोबर ठेवलास. पण खाली ते कार्ड होतं.

तू लिहितेस, "नऊ दिवसांत सिलिंडर संपत होता, त्याबद्दल आभारी आहे. मग तपासणीच्या तक्त्यावर ओलाव्याचा आकडा रोज ०.१ कसा होता? शिक्का कोणाचा होता?"

आभारी आहे म्हणे.

तुझ्याकडे तो तक्ता कुठून आला? मग आठवलं, चौकशीच्या वेळी त्यांनी तुला सगळ्या कागदांच्या प्रती दिल्या होत्या. तू त्या दहा वर्षं ठेवल्यास? पेटीच्या शेजारी अडकवलेला एक साधा तक्ता होता तो. तारीख, दाब, ओलावा, आणि सहीऐवजी नावाचा शिक्का. तुम्हा विद्यार्थ्यांपैकी एकानेही कधी त्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

ठीक आहे. तू एवढी हुशार झालीच आहेस तर ऐक. ओलावा मोजणारा काटा बंद पडलाय हे माझ्या लक्षात आलं जूनमध्ये. ०.१ वर अडकून बसला होता. त्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज करायचा, तो वर पाठवायचा, पेटी तीन आठवडे बंद ठेवायची, आणि सेन्सेइ विचारणार, "केव्हापासून बंद आहे?" केव्हापासून ते मला माहीत नव्हतं, कारण तक्ता मी रोज भरत नव्हते. महिन्याच्या पहिल्या दिवशी महिनाभराचे शिक्के मारून ठेवायचे. एकतीस चौकोन, एकतीस शिक्के. माझा शिक्का कधी वाकडा पडला नाही. प्रत्येक चौकोनात ०.१. वीस वर्षं तिथे ०.१च असायचं. रोज जाऊन त्या काट्याकडे काय बघायचं?

तुला हेच लिहून हवं होतं ना? घे. त्या प्रयोगशाळेत न मोजलेला आकडा लिहिणारं माणूस एकच होतं, आणि समितीने त्याच्या हातचा चहा घेतला. तू हसत असशील.

हसू नकोस. आभाराचं मी लिहिलं ते खोटं नाही. ते मला लागलं होतं आणि अजून लागतं. पण हातमोजा उलटा केला तेव्हा आधी मनात काय आलं असं कोणी शपथेवर विचारलं, तर तक्ता आला. एवढ्या वर्षांत माझ्या पेटीला कधी गळती लागली नाही, असं सेन्सेइ पाहुण्यांना सांगायचे. माझ्याबद्दल तेवढं एकच वाक्य ते पाहुण्यांना सांगायचे. ते मी जाऊ देणार होते का, एका पोरीसाठी, जिला माझं पूर्ण नावही माहीत नव्हतं?

माझं नाव तोशिए आहे. पहिल्या पत्रावर पूर्ण लिहिलं होतं, तू पाहिलं असशील.

आता नीट ऐक. तक्ते केव्हाच गेले, तुझ्याकडची प्रत म्हणजे प्रतीची प्रत, ती कोणी धरणार नाही. पावत्यांची फाइल माझ्याकडे आहे. हातमोजा माझ्याकडे आहे. सत्तावीस तारखेला कचऱ्याची गाडी दुपारी दोनला येते. मी दोन्ही त्यात टाकणार आहे. वाकायचं वगैरे राहू दे, येऊच नकोस. इतक्या लांबून यायचं, दुकान बंद ठेवायचं, वडिलांचं वय झालं. वह्या मी पोस्टाने पाठवीन, माझ्या खर्चाने.

बोट हवं असेल तर पुन्हा एकदा विचार. कदाचित सांगेन.

कुनिएदा

२८ डिसेंबर, सकाळी

चिसातो,

काल तू गेल्यावर मी भांडी विसळली, फडकी वाळत घातली, आणि सगळ्यांच्या नंतर कुलूप लावलं. कुणी माझ्याशी बोललं नाही. एका मुलाने किल्ली घ्यायला हात पुढे केला, तोही मान फिरवून.

तू येणार हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतं. सकाळी दहाला दारात उभी राहिलीस, डोक्याला रुमाल, कंबरेला दुकानाचा एप्रन, हातात कापडाचं बोचकं. सगळ्यांना वाटलं सफाईसाठी बाहेरून कोणी बाई बोलावली आहे. मी ओळखलं. तू जाडी झाली आहेस, आणि चालतेस आता टाच टेकवून. आधी तू चवड्यांवर चालायचीस, कुणाला त्रास नको म्हणून.

माझ्याकडे न बघता सेन्सेइंकडे गेलीस. बोचकं सोडलंस. त्यात माझी चार पत्रं होती, पाकिटांसकट, तारखांच्या क्रमाने, आणि तक्त्याच्या प्रती. पत्रं पाठवताना मला वाटत होतं की मी तुला सोलते आहे. तू ती एकावर एक रचून ठेवत होतीस.

सेन्सेइंनी ती बेसिनजवळ उभ्यानेच वाचली. बाजूला बादलीत नळ सोडलेला होता. चारही वाचली, दुसरं दोनदा वाचलं. मग मला हाक मारली. हाक मारायची गरज नव्हती, मी चार पावलांवर होते.

"कुनिएदा-सान, हे अक्षर तुमचं?"

"हो."

"आणि शिक्के?"

शिक्का माझ्या एप्रनच्या खिशात होता, रोज असतो. मी त्यावर हात ठेवला.

मग तो एवढा मोठा माणूस तुझ्यापुढे वाकला. कंबरेतून, मी तुला जसं वाक म्हणाले होते तसा. टक्कल दिसेपर्यंत वाकला आणि वर येईचना. पोरांच्या हातातली फडकी थांबली. मला वाटलं आता तू रडशील, मलाही रडू येत होतं, कुणासाठी ते कळलं नाही. तू म्हणालीस, "सेन्सेइ, बादली भरून वाहतेय." आणि स्वतः जाऊन नळ बंद केलास.

त्यानंतर तू त्यांना सांगत होतीस ते मी ऐकलं. मला लपून ऐकायची सवय आहे, पण काल लपायची गरज नव्हती, माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. म्हणालीस की तुमच्याकडच्या एका छोट्या प्रयोगशाळेत दोन वर्षं आठवड्यातून एक दिवस तुला पेटी वापरू देतात. दोन वर्षं तू त्याच पत्र्याला घासत बसली होतीस आणि काही होत नव्हतं. माझं दुसरं पत्र आलं तेव्हा साय कळली. तिसरं आलं तेव्हा प्रमाण कळलं, सोळातून नऊ वजा करून. तेवढीच ओली हवा मोजून सोडलीस आणि सहा बॅटऱ्या केल्यास. परवापर्यंत एकशे ऐंशी फेऱ्या झाल्या, सहाही चालू आहेत.

"म्हणजे तुझी पद्धत बरोबर होती," सेन्सेइ म्हणाले. बिचाऱ्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"नाही. माझी पद्धत चूक होती. भोक बरोबर होतं," तू म्हणालीस, सगळ्या पोरांसमोर, एखाद्या गिऱ्हाइकाला भाव सांगावा तितक्या सहज.

भोकाचं ते वाक्य मी दुसऱ्या पत्रात तुला मारायला केलं होतं, चिसातो. दोन दिवस घासून केलं होतं. तू ते उचललंस आणि वापरलंस.

मग तू खिडक्या पुसल्यास. जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून, कोपरे आधी, मधलं नंतर, मी शिकवलं होतं तसं. तीन नंबरच्या पेटीची काचही पुसलीस. मी पिशवी काढून तुझ्याजवळ आले. रबर आता पिवळं पडलंय, चिकटतंय. मी पिशवी पुढे केली. तू हात पुसत राहिलीस.

मी म्हणाले, "बघायचं नाही तुला, कोणतं बोट ते?"

तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमच्याकडेच राहू द्या, कुनिएदा-सान. हे गेलं तर तुमच्याकडे उरेल काय?"

आणि वाकलीस. थोडंसंच, दुकानातून निघणाऱ्या माणसाला वाकतात तेवढं. चौदा वह्या कापडात बांधल्यास आणि दुपारच्या गाडीने गेलीस. दोनची कचऱ्याची गाडी आली आणि गेली. मी त्यात काही टाकलं नाही. टाकून आता कुणाचं काय बिघडणार होतं?

जानेवारीत समिती बसेल. सेन्सेइंनी तुझी डॉक्टरेट पुन्हा उघडायला पत्र लिहायला घेतलंय. मार्चमध्ये त्यांच्या निरोपाच्या व्याख्यानाला माझ्यासाठी फुलांचा गुच्छ सांगितला होता, तो रद्द केल्याचं दुकानदाराने काल संध्याकाळी मलाच फोन करून कळवलं. फुलं सांगायचं काम माझ्याकडेच असतं ना, त्यांच्याकडे माझाच नंबर.

आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. मी हातमोजा न्हाणीघरात नेला आणि पाणी भरून तोंड घट्ट धरलं. त्या डिसेंबरातही असंच केलं होतं, त्यानंतर पिशवी कधी उघडली नव्हती. थोडं दाबलं की बारीक धार येते. अजून येते.

तू विचारलं होतंस म्हणून सांगते. डावा हात, करंगळी, नखाच्या जागेच्या जरा खाली. पत्रा धरायच्या चिमट्याला एक टोकदार कोपरा होता, खरवडताना तुझी करंगळी त्यावर टेकायची. मी रोज बघायचे. तो कोपरा कानशीने घासून द्यायचं माझ्या मनात होतं, राहून गेलं.

डावा हात, करंगळी. पत्र पोचलं एवढं तरी कळव.

तोशिए